आजोबांचं वेबली रिव्हॉल्व्हर: वाटणीत किंमत किती धरायची?

धरमपेठी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा आडवळणाचा आहे, पण इथे सगळ्या प्रकारचे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

मागच्या वर्षी बाबा गेले. घर, उमरेडकडची सहा एकर, बँकेतले पैसे, सगळ्याची वाटणी आम्हा तिघांत (पुण्याचा दादा, अमरावतीची ताई आणि नागपुरात मी) फारसा आवाज न होता झाली. अडलंय ते एका रिव्हॉल्व्हरवर.

आजोबा मालगुजार (गावाचा सारा गोळा करणारे जमीनदार) होते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पुढे वाडा पडला, बैलजोड्या विकल्या, हे तेवढं राहिलं. परवाना १९५३ चा, आजोबांनंतर बाबांच्या नावावर झाला. सहा गोळ्यांचं, मधून मोडून उघडणारं, नळीवर 'वेबली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम' असं कोरलेलं. बाबा त्याला 'अडतीस' म्हणायचे. बाबा गेल्यावर आठवड्याभरात रीतसर दुकानदाराकडे जमा केलं, पावती आहे, दरमहा भाडं भरतोय.

आता गंमत ऐका. दादाने कुठल्याशा परदेशी लिलावात वेबली रिव्हॉल्व्हर पाच लाखांच्या वर गेलेलं पाहिलं. त्यामुळे त्याच्या मते किंमत पाच लाख. ज्याच्याकडे जमा आहे तो दुकानदार म्हणतो, "जुनं सामान आहे हो, पस्तीस हजार देतो, कागदपत्रं मी बघतो." ताई काहीच बोलत नाही. किंमत काढायची तरी कशी?

तर्रीवाला
काहून भाऊ, थे चालते का नाही चालत थे तं सांग आधी. चालत नसंल तं पस्तीस हजार लय झाले. चालत असंल तं दादाले पाच लाख देऊन टाक, भानगड कायले पाहिजे.

शंकासुर
१९५३ चा परवाना म्हणता. त्यावर 'मध्य प्रदेश शासन' असं आहे का? आमच्या काकांच्या जुन्या कागदांवर तसं होतं. अमरावतीच्या एका बाबूने "हा दुसऱ्या राज्याचा कागद आहे" म्हणून परत पाठवला होता.

धरमपेठी
@शंकासुर हो! अगदी तसंच आहे. मला वाटलं आजोबांनी जबलपूरला वगैरे घेतलं असावं.

फाइलबहाद्दर
जबलपूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. त्याआधीचा आपल्याकडचा प्रत्येक सरकारी कागद तसाच असणार. तो कागद जपून ठेवा, हे हत्यार पहिल्या दिवसापासून परवान्यावर आहे याचा पुरावा तो.

आता मुद्द्याचं. मी महसुलात तीस वर्षं काढली, त्यातली काही शस्त्र परवान्यांच्या टेबलावर. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवणं बेकायदा होतं, त्यामुळे तुम्ही जमा केलंत ते उत्तम. पण जमा केलं म्हणजे सुटलो असं समजू नका. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ वाचा. वारसाला ते परवाना मिळवून परत घेता येतं किंवा ज्याला ठेवण्याचा अधिकार आहे अशा माणसाला विकता येतं. ठरलेल्या मुदतीत दोन्हींपैकी काही झालं नाही तर सरकारजमा. मग पाच लाख काय आणि पस्तीस हजार काय. तिघांत वाद घालत बसलात तर वाटणी शून्याची होईल.

नको_ती_बंदूक
माझं मत वेगळं. घरात लहान मुलं असतील तर असली वस्तू कशाला? पोलिसांकडे देऊन टाका आणि मोकळे व्हा. आमच्या सोसायटीत एकाकडे आहे. दर निवडणुकीला आचारसंहिता लागली की जमा करा, मग परत आणा, यातच त्याचा जन्म चाललाय. वापर शून्य.

तर्रीवाला
@नको_ती_बंदूक वापर शून्य तं आमच्या घरच्या ट्रेडमिलचाही हाय.

आयुधवाले_काका
अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. आमचं काम मोठ्या दारूगोळ्याचं, पण हाताळायची हत्यारं हा जुना छंद. थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचा व्यास. बाबा 'अडतीस' म्हणायचे हे वाचून मी थबकलो. पॉइंट ३८० आणि पॉइंट ४५५ ही लष्कराची काडतुसं. ती ज्यात बसतात अशी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा परवाना दिल्लीहून, गृह मंत्रालयातून लागतो. म्हणजे वस्तू कितीही देखणी असो, गिऱ्हाईकच नाही. गिऱ्हाईक नाही तर भाव कसला? याउलट तेच वेबली पॉइंट ३२ मध्येही बनायचं. ते साध्या परवान्यावर चालतं, त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात आजही बनतात. दिसायला दोन्ही जवळपास जुळी भावंडं. किमतीत मात्र जमीन-अस्मान.

तेव्हा दादांचा लिलाव आणि दुकानदाराचे पस्तीस हजार, दोन्ही बाजूला ठेवा. परवान्यावर बोअर काय लिहिलंय ते पाहा. आणि दुकानदाराला नळीवरचे ठसे वाचायला सांगा. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात प्रत्येक नळी जास्तीच्या दाबाने तपासून मुकुटाखाली ठसा मारत. बोअरचा आकडाही तिथेच सापडेल.

इतिहासवेडा
काका, चाचणीच्या ठशांवरून साल पण कळतं ना?

आयुधवाले_काका
काही वेळा. खाजगी चाचणीचा छोटा ठसा असतो, त्यात वर्षासाठी एक अक्षर असतं. पण ते पुसट झालेलं असतं बहुतेक वेळा. अनुक्रमांक जास्त उपयोगी. तो सांगाड्यावर आणि चक्रीवर (गोळ्या बसतात तो फिरता भाग) दोन्हीकडे एकच असायला हवा. वेगळा असेल तर कधीतरी सुटे भाग बदललेत. (अनुक्रमांकाचा फोटो कृपा करून इथे टाकू नका.)

बर्मिंगहॅमचा_पाहुणा
मूळचा नागपुरातल्या महालचा, गेली चौदा वर्षं बर्मिंगहॅमला. गावाचं नाव निघालं म्हणून लिहितो. इथे १९९७ च्या कायद्यानंतर सामान्य माणसाला हँडगन ठेवताच येत नाहीत. त्यामुळे बहुतेक वेबली निकामी करून, नळीत खिळा ठोकून भिंतीवर लटकलेल्या दिसतात. अमेरिकेत चालू स्थितीतली मिळते, पण साधं वेबली तिथेही काही सोन्याच्या भावाने जात नाही.

दादांनी पाहिलेल्या त्या लिलावाचा दुवा आहे का? मला एक शंका आहे.

धरमपेठी
दुवा दादाकडून मागवला. फोटोतलं आमच्यासारखंच दिसतं, फक्त चक्रीवर नागमोडी खाचा आहेत. दादा म्हणतो, "नक्षीचा फरक आहे, बाकी तेच."

बर्मिंगहॅमचा_पाहुणा
नक्षी नाही हो ती! वेबली-फॉसबेरी आहे ते. गोळी सुटली की वरचा सगळा भाग मागे सरकतो आणि त्या नागमोडी खाचांमुळे चक्री आपोआप फिरते, घोडाही ओढला जातो. १९०१ च्या सुमारास बाजारात आलं, चिखल-मातीत अडकायचं, फार खपलं नाही, म्हणून आज संग्राहक त्यासाठी वेडे होतात. ज्याने शोधलं तो फॉसबेरी इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेतला, व्हिक्टोरिया क्रॉसवाला.

म्हणजे दादांनी मर्सिडीजचा भाव बघून घरच्या अॅम्बॅसेडरची किंमत ठरवली.

तर्रीवाला
अबे अॅम्बॅसेडरले नाव नको ठेवू. आमच्या मामाची अजून सुरू हाय.

इतिहासवेडा
अवांतर आहे, पण राहवत नाही. वरच्या पट्टीवर विक्रेत्याचं नाव कोरलंय का तेही बघा. बऱ्याच हत्यारांवर कारखान्याबरोबर कलकत्त्याच्या दुकानाचं नाव असायचं: मँटन, रॉडा, लायन अँड लायन. त्यातलं रॉडा म्हणजे तेच, ज्यांचा माल २६ ऑगस्ट १९१४ ला क्रांतिकारकांनी भर दिवसा बैलगाडीतून पळवला. ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं! गोदामात माल पोचवायला सात गाड्या निघाल्या आणि सहाच पोचल्या. पुढे वर्षानुवर्षं बंगालात ती पिस्तुलं बाहेर निघत राहिली.

फाइलबहाद्दर
@इतिहासवेडा त्या सातव्या गाडीचा पंचनामा मी केला असता तर अजून फाइल बंद झाली नसती.

नको_ती_बंदूक
जरा गंभीरपणे. अजब बंगल्याला देता येणार नाही का? तिथे शस्त्रांचं दालन आहेच.

इतिहासवेडा
१८६३ पासूनचं संग्रहालय आहे ते. भोसल्यांच्या काळातल्या तलवारींशेजारी आमच्या मित्राच्या आजोबांचं १९५३ चं वेबली मांडायचं म्हणजे... फलकावर काय लिहायचं? 'मालगुजारी गेल्यानंतरचा काळ, मालक वाटणीत मग्न'?

शंकासुर
पण ७० वर्षं जुनं आहे म्हणजे अँटिक झालं ना? अँटिकला परवाना लागत नाही असं ऐकलंय.

फाइलबहाद्दर
@शंकासुर हे वाक्य ऐकून किती लोक अडचणीत आलेत ते मी पाहिलंय. सूट आहे ती कलम ४५ मध्ये. जुन्या धाटणीचं, पुराणवस्तूच्या मोलाचं किंवा नादुरुस्त हत्यार, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, त्याला. पुरावशेषांचा १९७२ चा कायदा वेगळाच, त्यात शंभर वर्षांची अट. ह्यांचं वेबली चालू स्थितीतलं असेल तर ही सूट नाही. ते 'जुनं' आहे, 'अँटिक' नाही. आपण दोघंही तसेच.

धरमपेठी
अपडेट. बँकेच्या लॉकरमधून मूळ परवाना काढला. पॉइंट ३२ लिहिलंय! दुकानदाराकडे जाऊन ठसाही वाचून घेतला, तिथेही तेच. बाबा आयुष्यभर 'अडतीस' का म्हणायचे देव जाणे. ताईला फोन केला तर म्हणाली, "अरे, ते अडतीस रुपये महिना भाड्याच्या खोलीत राहायचे तेव्हा आजोबांनी त्यांना पहिल्यांदा दाखवलं होतं." कशाचा कशाला संबंध नाही, पण घरात ते नाव पडलं.

आयुधवाले_काका
वा! आता भाव या शब्दाला अर्थ आला. स्थिती सांगा. दुकानदाराच्या हातूनच, ते रिकामं असल्याची खात्री करून, तीन गोष्टी बघा. नळी उजेडाकडे धरून आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) धारदार आहेत की गंजाचे खड्डे दिसतात. चाप पूर्ण ओढून तसाच धरला की चक्री जागेवर घट्ट बसते की डुगडुगते. आणि मोडून उघडायचा सांधा, जो या जातीच्या रिव्हॉल्व्हरचा कमकुवत अवयव, तो बंद केल्यावर खुळखुळतो का. आटे आणि सांधा चांगले असतील तर बाकीचं माफ.

आणि मूळचा काळानिळा रंग शाबूत आहे का?

धरमपेठी
नळी स्वच्छ, सांधा घट्ट, चक्री किंचित हलते. रंगाचं मात्र... बाबांनी पंच्याऐंशी-शहाऐंशीत इतवारीत नेऊन त्याला निकेल करून आणलं होतं. देवघरातल्या समईसारखं चकाकतं.

बर्मिंगहॅमचा_पाहुणा
अरे देवा. संग्राहकाच्या दृष्टीने निम्मी किंमत तिथेच गेली.

आयुधवाले_काका
@बर्मिंगहॅमचा_पाहुणा इथे असहमत. तुमच्याकडे घेणारा संग्राहक. आपल्याकडे घेणारा कोण? ज्याला परवाना मिळालाय आणि वर्षातून दोनदा पूजेला काढायचंय तो. त्याला चकाकी आवडते! आपल्याकडचा भाव वेगळ्याच कारणाने चढतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे. म्हणजे देशात आधीपासून जेवढी विलायती पॉइंट ३२ आहेत तेवढीच हातोहात फिरणार. घेणारे वाढले, माल तेवढाच.

तुलनेला नवं घ्या. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये 'निर्भीक' काढलं, तेच पॉइंट ३२, तेव्हाच किंमत १,२२,३६० रुपये होती. आता तर वेबलीचं नाव लावून उत्तर प्रदेशात हरदोईकडे नवी रिव्हॉल्व्हरं बनतात. नवं इतकं महाग असताना चालू स्थितीतलं विलायती पस्तीस हजारांना मागणारा दुकानदार तुम्हाला गिऱ्हाईक समजत नाही, बकरा समजतोय.

फाइलबहाद्दर
काकांशी सहमत, एक भर. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. त्यानंतर लोकांनी जुन्या दुनाळ्या काढून टाकल्या. बारा बोअरची दुनाळी आज फुकट द्यायची म्हटली तरी घेणारा शोधावा लागतो. दुकानदार तुम्हाला त्या दुनाळ्यांचा ढीग दाखवून रिव्हॉल्व्हरचा भाव पाडेल. फसू नका.

दुसरं, हत्यार पिशवीत घालून या दुकानातून त्या दुकानात भाव काढत फिरू नका. तुमच्या नावावर परवाना नाही. दुसऱ्या परवानाधारक विक्रेत्यालाच तिथे बोलवा. विक्रीच ठरली तर घेणाऱ्याचा परवाना डोळ्यांनी बघा. खाजगी विक्रीत आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं, तेही विसरू नका. व्हॉट्सअॅपवर 'विकणे आहे' तर चुकूनही नको.

तर्रीवाला
मी तं म्हणतो भाऊ, आजोबांनी याच्यानं वाघ मारला होता असं सांगा. भाव दुप्पट.

आयुधवाले_काका
पॉइंट ३२ ने वाघ? वाघाला वाटलं असतं डास चावला.

तर्रीवाला
मग डास मारला होता असं सांगा. नागपुरात त्यालेच जास्त किंमत हाय.

संत्राबर्फी
दोन दिवस वाचतेय. पुरुषमंडळी नळी आणि आटे बघताहेत, पण धागाकर्त्याचा प्रश्न वाटणीचा आहे. बाजारभाव कळला तरी भांडण संपणार नाही, कारण ज्याला ठेवायचंय तो कमी सांगणार आणि ज्याला पैसे हवेत तो जास्त.

आमच्या सासरी आजेसासूबाईंच्या नथीवरून हेच झालं होतं. शेवटी थोरल्या जावेने उपाय काढला. प्रत्येकीने बंद पाकिटात लिहायचं: 'मला ही वस्तू ठेवायला मिळाली तर मी तिची एवढी किंमत धरायला तयार आहे.' ज्या पाकिटात आकडा सगळ्यात मोठा तिला वस्तू, आणि त्याच आकड्याप्रमाणे बाकीच्यांना त्यांचा हिस्सा रोख. आदल्या दिवशीपर्यंत नथ दोन लाखांची म्हणणाऱ्या आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या पाकिटातून चाळीस हजारांची चिठ्ठी निघाली.

फाइलबहाद्दर
ताई, हे आमच्या खात्यात लागू केलं असतं तर वाटणीच्या निम्म्या केसेस संपल्या असत्या.

शंकासुर
पण ज्याच्याकडे जास्त पैसा तोच जिंकणार ना?

संत्राबर्फी
@शंकासुर जिंकेल, पण इतरांना तेवढे जास्त देऊनच. फुकट नाही.

नको_ती_बंदूक
मी माझ्या मतावर ठाम आहे, पण पाकिटाची कल्पना आवडली. आमच्या घरी एका शिलाई मशीनवरून चार वर्षं अबोला आहे.

धरमपेठी
तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व.

आधी काकांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या एका विक्रेत्याला बोलावून दाखवलं. त्याने निकेलबद्दल नाक मुरडलं, पण दीड लाखापर्यंत जाईन म्हणाला. हे तोंडातून निघताच पहिल्या दुकानदाराचेही पस्तीसचे नव्वद झाले.

मग दिवाळीला तिघं जमलो, पाकिटं उघडली. माझं १,१०,०००. पाच लाखवाल्या दादाचं ६०,०००. त्याने आधी स्पष्टीकरण द्यायचा प्रयत्न केला, मग स्वतःच हसायला लागला. ताईचं १,७५,०००.

म्हणजे ताई आम्हा दोघांना प्रत्येकी ५८,३३३ देणार. दादाने अख्ख्या रिव्हॉल्व्हरला जेवढे लिहिले होते जवळजवळ तेवढेच त्याला तिसऱ्या हिश्श्याचे मिळाले. तो आता सगळ्यांना सांगतोय की पाच लाखांची हवा त्याने मुद्दाम केली होती.

ताईला विचारलं, इतके दिवस गप्प का होतीस. म्हणाली, "नूतनीकरणाला बाबांबरोबर आयुक्तालयात मी जायचे. रांगेत उभं राहून ते मला तिथल्या कँटीनचा समोसा द्यायचे. तुम्ही दोघं कधी आलात?" यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आमची दोघांची ना हरकत नोटरी करून झाली. ताई अमरावतीच्या पोलीस आयुक्तालयात वारस म्हणून अर्ज करतेय. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, त्याचीही नोंदणी केली तिने. बावन्नाव्या वर्षी.

आयुधवाले_काका
ताईंना नमस्कार सांगा. निकेलला ब्रासो लावू देऊ नका, तेलाचा हलका हात पुरे. आणि चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि खाली गंज चढतो.

तर्रीवाला
ताईच्या घरी आता दाजी मोठ्यानं बोलत नसतीन.

फाइलबहाद्दर
रिव्हॉल्व्हरबरोबर बाबांची काडतुसंही जमा केली होती ना? पावतीवर आकडा आहे का? परवाना होताना हिशेब मागतील.

धरमपेठी
@फाइलबहाद्दर आहे. सतरा. दादा विचारतोय त्याचे तिघांत भाग कसे पाडायचे.